वाळूची गाळणी, जुलैचं धुणं

शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात झिरे खणतात. नदी आटत आली, उरलेल्या पाण्यावर शेवाळ धरलं, की बायका धारेपासून हात-दोन हात दूर वाळूत खड्डा करतात. पहिलं पाणी गढूळ येतं, ते उपसून टाकायचं. मग जे झिरपत येतं ते नितळ असतं; वाटी-वाटीनं हंड्यात भरायचं. वाळू पाणी गाळते हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. गाळलेला मळ कुठे गेला, हा प्रश्नही कुणाला पडत नसे, कारण तो मातीचा आणि पाल्यापाचोळ्याचा होता, वाळूत राहिला तरी कुजून जाणारा.

प्लास्टिक कुजत नाही, म्हणून तो प्रश्न आता पडतो. तिथल्या भातसा आणि काळू या नद्या ज्या उल्हासला जाऊन मिळतात, तिच्याबाबतीत तर तो फारच जवळचा झालाय.

एप्रिल २०२१ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात लुरेन्स मेयर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. नद्यांतून दरवर्षी ८ ते २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात जातं आणि त्यातलं ८० टक्के वाहून नेणाऱ्या नद्या हजाराहून जास्त आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधी २०१७ मध्ये आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासानं बहुतेक दोष दहा मोठ्या नद्यांवर टाकला होता, त्यात सिंधू आणि गंगा होत्या. मेयर यांच्या यादीत शहरांतून वाहणाऱ्या आखूड नद्या वर आल्या. पहिली मनिलाची पासिग, सहा टक्क्यांहून जास्त वाटा असलेली. आणि पहिल्या पाचांत आपली उल्हास, एक टक्क्याहून थोडी अधिक. गंगेचा वाटा तिच्या निम्म्याच्या आसपास. राजमाचीच्या दऱ्यांतून निघून जेमतेम सव्वाशे किलोमीटर वाहणारी नदी गंगेच्या पुढे!

ही बातमी आली तेव्हा आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटल्या, लाज आणि अविश्वास. तो आकडा नेमका कशाचा होता, हे बघायला फारसं कुणी थांबलं नाही. ते गणित होतं. उल्हासच्या मुखाशी जाळं लावून कुणी टनावारी मोजलेली नव्हती. पाऊस, उतार, जमिनीचा वापर, नदीपासूनचं आणि समुद्रापासूनचं अंतर यांवरून कचरा किनाऱ्याला पोचण्याची शक्यता काढलेली होती. मुसळधार पाऊस, दाट वस्ती, जवळ समुद्र हे तिन्ही घटक ठाणे जिल्ह्यात एकत्र येतात, म्हणून नंबर लागला. शिवाय तो हिशेब तरंगणाऱ्या मोठ्या प्लास्टिकचा होता. पाच मिलिमीटरहून बारीक तुकडे आणि धागे, म्हणजे मायक्रोप्लास्टिक, त्यांचा प्रवास वेगळा असतो. ते सगळे समुद्राकडे जात नाहीत. बरेचसे खाली, तळाच्या वाळूत जातात.

‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला २००४ मध्ये, रिचर्ड थॉम्पसन यांच्या ‘सायन्स’मधल्या छोट्या लेखापासून. समुद्रात गेलेलं प्लास्टिक मोजणीत सापडत नाही, मग ते गेलं कुठे, असं त्यांनी विचारलं होतं. नदीवाल्यांनी तोच प्रश्न बऱ्याच उशिरा विचारला. नदीकडे नुसता नळ म्हणून बघायची सवय होती: इकडून पडलं, तिकडून बाहेर. तळ हा त्या चित्रात नव्हताच.

शाळेत शिकवलेली घनता इथे थोडी फसवते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकी, म्हणून तरंगणार. पॉलिस्टर १.३८, पीव्हीसीही त्याच्याच आसपास, म्हणून बुडणार. वाळूचा दाणा २.६५. यावरून वाटतं की पिशवीचा कण तळाला कधी सापडूच नये. पण जिथे जिथे तळ खणला तिथे तिथे पॉलिथिन सापडतं. कारण नदीत स्वच्छ कण फार काळ स्वच्छ राहत नाही. त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, चिखलाचे कण चिकटतात, सांडपाण्यातल्या घाणीचा गुच्छा होतो आणि हलकं प्लास्टिक जड होऊन खाली बसतं. उलट पॉलिस्टरचा धागा जड असूनही लगेच बसत नाही. दहा-वीस मायक्रॉन जाडीचा, पण लांबीला काही मिलिमीटर, असा तो आडवा तरंगत, गिरक्या घेत राहतो. आकार आणि अंगावरचा मळ घनतेवर मात करतात.

आता तळ. नदीची वाळू सपाट नसते, वाहत्या पाण्याखाली तिच्यावर वळ्या पडतात. १९८७ मध्ये लुई थिबोडो आणि जॉन बॉयल यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की या वळ्यांमुळे वाहतं पाणी वाळूच्या आत खेचलं जातं. पुढे १९९७ मध्ये एलियट आणि ब्रुक्स यांनी त्याचं गणित मांडलं. कोकणात वादळी रात्र काढलेल्याला हे गणिताशिवाय कळेल. कौलारू छपराच्या वाऱ्याकडच्या पाखीवर वारा दाबतो आणि पलीकडची कौलं उचलली जातात, कारण तिथे दाब कमी होतो. वाळूच्या वळीवर पाणी हेच करतं. समोरच्या चढावर दाब जास्त, तिथून पाणी आत शिरतं. शिखरामागे दाब कमी, तिथून बाहेर येतं. मधल्या वाटेत ते काही मिनिटं, काही तास, कधी कित्येक दिवस वाळूतून झिरपत असतं. तळाखालच्या या ओल्या थराला शास्त्रज्ञ हायपोरेइक पट्टा म्हणतात. झिरा खणणारी बाई त्याच्याच काठावर बसलेली असते.

पाण्याबरोबर कण आत जातात आणि अडकतात. अर्ध्या मिलिमीटरच्या गोल दाण्यांची घट्ट रास धरली तर तिच्यातल्या सगळ्यांत अरुंद वाटा सुमारे ७५ मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या. त्याहून मोठा तुकडा वरच अडतो. बारीक कण आत शिरतो, पण शिरला म्हणजे सुटला असं नाही. तो दाण्याला चिकटू शकतो, कोपऱ्यात बसू शकतो, आधी अडकलेल्या चिखलात रुतू शकतो. आखन विद्यापीठात वाल्डश्लेगर आणि शुट्रुम्फ यांनी काचेच्या गोळ्यांच्या थरांवर प्लास्टिक सोडून पाहिलं, तर गोल कण खोल गेले, तुकडे आणि धागे वरच राहिले. धागा दाण्यांभोवती गुंततो. मग तोच एक जाळं होतो आणि मागून येणाऱ्याला अडवतो.

शिवाय वळ्या जागच्या जागी नसतात. पाण्याच्या जोराबरोबर त्या पुढे सरकतात. मागच्या उतारावरचे दाणे पुढे कोसळतात, त्याखाली कण गाडले जातात, आणि वळी पूर्ण सरकली की पुन्हा उघडे पडतात. जो कण सरकत्या थराच्याही खाली उतरला तो मात्र तिथेच राहतो, मोठा पूर येईपर्यंत. तळात प्लास्टिक टिकतं ते याच खालच्या थरात. वरचा थर खरवडून नमुना घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

किती खोल? बायरॉइटजवळच्या रोटर माइन नदीत स्वेन फ्राय आणि सहकाऱ्यांनी तळ गोठवून नमुने काढले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात साठ सेंटिमीटर खोलीपर्यंत मायक्रोप्लास्टिक सापडलं, एका किलो गाळात तीस हजार कणांपर्यंत. त्यातले बहुतेक अतिशय बारीक, २० ते ५० मायक्रॉनचे, म्हणजे नेहमीच्या तीनशे मायक्रॉनच्या जाळ्यातून सहज निसटणारे. किती काळ? २०२२ मध्ये जेनिफर ड्रमंड आणि एरन पॅकमन यांच्या गटानं गणित केलं. उगमाजवळच्या लहान प्रवाहांत कण सरासरी ताशी दोनशे मीटर, म्हणजे पाच तासांना एक किलोमीटर सरकतो. पण पाणी अगदी कमी असताना तोच एक किलोमीटर कापायला सात वर्षं लागू शकतात. पाच तास आणि सात वर्षं, एकाच ओढ्यात.

हे सगळं उल्हासला लावताना मात्र हात जरा आखडता घ्यावा लागतो. हे प्रयोग बहुधा काचेच्या गोळ्यांवर किंवा एकसारख्या क्वार्ट्‌झ वाळूवर झालेत. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. कर्जत-नेरळच्या वर पात्रात धोंडे आणि खडक, मध्ये गोटे आणि जाड रेती, खाली बेसाल्टची काळी, कोनेदार वाळू, आणि खाडी लागली की चिखल. कोनेदार दाणे गोलांसारखे नीट रचले जात नाहीत. त्यांच्यातल्या वाटा वेड्यावाकड्या असतात. तत्त्व तेच राहील, आकडे उचलून आणता येणार नाहीत.

दुसरा फरक पाण्याचा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. कोकणातली नदी वर्षाचं जवळजवळ सगळं पाणी चार महिन्यांत वाहते. बाकीच्या आठ महिन्यांत उल्हास वाहती राहते ती बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या पाण्यावर. १९२२ पासून टाटांचं भिवपुरीचं वीजकेंद्र ठोकरवाडीच्या धरणातलं, म्हणजे मुळात आंध्रा-इंद्रायणीतून भीमेला जायचं, पाणी घाटाखाली सोडतं. बारवी धरणाचं पाणी त्यात येऊन मिळतं. हे पाणी बंधाऱ्याबंधाऱ्यांवर अडवून उचललं जातं: बदलापूरचा बॅरेज, जांभूळ, शहाड, मोहने. प्रत्येक बंधाऱ्यामागे पाणी संथ, आणि संथ पाण्यात बारीक कण बसतात. उन्हाळ्यात मोहन्याजवळ जलपर्णीची हिरवी गादी पसरते. सांडपाण्यातल्या खतावर ती माजते हे आपण दरवर्षी वाचतो. तिच्या लोंबत्या मुळ्या धागे अडवतात आणि ती कुजून बुडाली की ते घेऊन तळाला जाते, ही बाजू कमी बोलली जाते.

आणि सांडपाणी येतंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत उल्हासचा मोहने ते बदलापूर हा भाग घातला. उल्हासनगरच्या खेमाणी नाल्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी वालधुनी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून खाली येते आणि उल्हासनगरच्या जीन्स धुणाऱ्या कारखान्यांनी तिला निळी केल्याचे दिवस कल्याणकरांनी पाहिलेत. जीन्सचा धागा मुख्यतः सुती, पण ताणला जाणारा जो भाग असतो तो प्लास्टिकच. शहाडला आणि मोहन्याला रेयॉनचे कारखाने उभे राहिले, त्यातला मोहन्याचा केव्हाच बंद पडला. रेयॉन लाकडाच्या लगद्याचं असतं, प्लास्टिक नव्हे, पण गाळात सापडलेला धागा सूक्ष्मदर्शकाखाली नुसता डोळ्यांनी पाहिला तर रेयॉन की पॉलिस्टर हे सांगणं कठीण. इथल्या तळाचा नमुना मोजणाऱ्यानं रासायनिक ओळख पटवल्याशिवाय आकडा सांगू नये, असं मला वाटतं ते यासाठी. पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग आणि कामवारी नदी, अलीकडे शीळ रस्त्यावर झिजणारे टायर, डोंबिवलीच्या एमआयडीसीतले प्लास्टिक घडवणारे कारखाने, आणि या सगळ्यांपेक्षा सतत चालणारी गोष्ट म्हणजे लाखो घरांतली वॉशिंग मशिन.

इथे मँचेस्टरची गोष्ट सांगायलाच हवी. मर्सी आणि अर्वेल नद्यांच्या खोऱ्यात रेचल हर्ली, जेमी वुडवर्ड आणि जेम्स रॉथवेल यांनी चाळीस ठिकाणी तळ मोजला. टेम नदीत एका जागी चौरस मीटरला पाच लाखांवर कण निघाले. मग २०१५-१६ च्या हिवाळ्यात मोठे पूर आले. त्यांनी पुन्हा त्याच जागा मोजल्या तर तळातलं सुमारे ७० टक्के मायक्रोप्लास्टिक वाहून गेलेलं. २०१८ मध्ये हे आलं. यावर म्हणता येतं, वाळू हे साठवणीचं ठिकाण नसून थांबा आहे. विचारताही येतं, मग उरलेलं ३० टक्के कुठल्या थरातलं?

वुडवर्ड यांचा पुढचा निबंध, २०२१ चा, मला त्याहून मोलाचा वाटतो. त्यांचं म्हणणं असं की सांडपाणी पुरात सोडलं तर प्लास्टिक वाहून जातं, तळात साचत नाही. तळात भरमसाट प्लास्टिक साचलेलं दिसलं तर समजावं की कुणीतरी कोरड्या दिवसांत, कमी पाण्यात, कच्चं सांडपाणी सोडतंय. म्हणजे तळाची वाळू साक्षीदार आहे. इंग्लंडात पाऊस बारा महिने, त्यामुळे कोरड्या दिवसांचा अर्थ तिथे थोडे दिवस. आपल्याकडे तो नोव्हेंबर ते मे असा सरळ सात महिन्यांचा. त्या सात महिन्यांत प्रक्रियेविना सोडलेला प्रत्येक नाला तळाला प्लास्टिक भरवतो. मग जून येतो.

उल्हासचा पूर मर्सीच्या पुरासारखा क्वचित येणारा पाहुणा नाही. २६ जुलै २००५ ला तिनं बदलापूर-कल्याण बुडवलं. त्या पुरानंतर राज्यानं ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आणली, कारण गटारं त्यांनी तुंबली होती. २७ जुलै २०१९ च्या पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. पण असा गाजलेला पूर नसला तरी दर जुलैत पात्र काठोकाठ भरतं, वळ्या पुसल्या जातात, वाळूचा वरचा थर उचलला जातो. उल्हासमध्ये वाळूची गाळणी सात महिने भरते आणि जुलैत धुतली जाते. मँचेस्टरमध्ये ज्यासाठी अपवादात्मक हिवाळा लागला ते इथे पंचांगात लिहिलेलं आहे.

धुतलेलं मात्र समुद्रात जातं असं समजू नये. कल्याणखाली नदीची खाडी होते. खाडीत दिवसातून दोनदा पाणी उलटं फिरतं. खाऱ्या पाण्यात आणखी एक गोष्ट घडते: कणांच्या अंगावरचे सारखे विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवत असतात, मिठामुळे त्यांचा पल्ला आखडतो, कण एकमेकांना चिकटतात, गोळे होऊन बसतात. दुर्गाडीपासून मुंब्र्यापर्यंतचा चिखल असाच बसतो आणि त्याच्याबरोबर प्लास्टिकही. पुढे मुख्य पाणी घोडबंदरवरून वसईच्या खाडीला निघतं आणि थोडंसं ठाण्याच्या खाडीत. ही खाडी ऑगस्ट २०२२ पासून रामसर स्थळ म्हणून, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून, जगाच्या यादीत आहे; तिथली खारफुटीची मुळं येणारं सगळं अडवतात. काठावरच्या जुन्या कचराभूमीही मोजायला हव्यात. कल्याणची आधारवाडी २०२१ मध्ये बंद झाली. दिवा गावची कचराभूमीही त्याच खाडीकाठची. कचराभूमी बंद झाली तरी तिच्यातलं प्लास्टिक उन्हात तडकत राहतं.

चिखलात अडकलेलं प्लास्टिक नुसतं पडून राहत नाही. मेरेडिथ सीली आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये खाजणातला गाळ घेऊन दाखवलं की पीव्हीसी मिसळल्यावर त्यातल्या जिवाणूंचं नायट्रोजनचं काम मंदावतं, तर काही दुसऱ्या प्लास्टिकांनी ते वाढतं. खाडीतल्या खुब्यांच्या आणि निवट्यांच्या दृष्टीनं याचा अर्थ काय, हे वेगळं प्रकरण आहे.

या सगळ्या साहित्यात वाळू जागेवर असते. उल्हासच्या खालच्या पट्ट्यात ती कित्येक पिढ्या जागेवर राहिलेली नाही. कल्याणचं रेतीबंदर, मुंब्र्याचं रेतीबंदर, काल्हेर, कशेळी ही नावंच सांगतात. आधी डुबी मारून, पाटीनं रेती काढत. होडी भरली की बंदराला. मग बार्ज आणि सक्शन पंप आले. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं वाळूउपशावर बंदी आणली, पुढे नियम आले, आणि रात्री चालणारे पंप व त्यांवरच्या धाडी या बातम्या अजून येतात. पंप तळात खोल बोगदा करतो. पुराला जो खालचा थर हलवता येत नाही तो पंपाला हलवता येतो. रेती वर येते, धुतली जाते, बारीक गाळ आणि त्यातलं प्लास्टिक पुन्हा पाण्यात जातं. खड्ड्यात नवं साचतं. जो धागा दाण्यांत गुंतला तो रेतीबरोबर ट्रकमध्ये चढतो आणि डोंबिवलीतल्या कुठल्यातरी भिंतीच्या गिलाव्यात कायमचा बसतो. हा विनोद नाही. वाळूतलं प्लास्टिक खरोखर ‘अडकलं’ असं म्हणता येईल अशी ती बहुधा एकमेव जागा.

मोजणीच्या पद्धतींवर थोडक्यात. गाळातून प्लास्टिक वेगळं करायला तो खारट द्रावणात ढवळतात. प्लास्टिक वर येतं, वाळू खाली. साधं मीठ स्वस्त, पण त्याच्या द्रावणाची घनता १.२ पर्यंतच जाते, म्हणजे पॉलिस्टर आणि पीव्हीसी खालीच राहतात. कपड्यांचे धागे शोधायचे असतील तर झिंक क्लोराइड हवं. कुणी किलोला कण सांगतं, कुणी चौरस मीटरला, कुणी पाण्याच्या घनमीटरला. तीन आकड्यांची तुलना होत नाही. गंगेवरच्या २०२१ च्या अभ्यासात दिवसाला एक ते तीन अब्ज कण बंगालच्या उपसागरात जात असतील असा अंदाज होता आणि त्यातले ९१ टक्के धागे, पण तो पाण्यातल्या नमुन्यांवरचा, तळ त्यात नाही.

आता कल्याणच्या नळाकडे. मोहिली आणि बारावे इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांत नदीचं पाणी तुरटीसारख्या औषधानं निवळतात आणि मग वाळूच्या थरातून गाळतात. प्लास्टिकसाठी इथेही तेच नियम चालतात: चिकटणं, अडकणं, गुंतणं. फरक एवढाच की या वाळूला कामगार आहे. दिवसा-दोन दिवसांनी गाळणी चोंदली की खालून उलटं पाणी सोडून ती धुतात, आणि त्या धुवणाच्या पाण्याबरोबर अडकलेलं सगळं बाहेर पडतं. ते पाणी नदीत परत सोडलं, तर वरच्या बंधाऱ्यातून उचललेलं प्लास्टिक खालच्या गावाला पोचतं.

नदीची स्वतःची गाळणी मोजायला फार मोठं यंत्र लागत नाही. मे महिन्याच्या शेवटी मोहन्याच्या बंधाऱ्यामागे, वालधुनीच्या मुखाशी आणि रेतीबंदरला दोन-दोन फूट खोल नळी ठोकून तळाचा नमुना घ्यायचा, थर वेगळे ठेवायचे. दिवाळीच्या सुमारास पाणी उतरलं की त्याच जागांवर पुन्हा. वरच्या वीतभर थरात फरक दिसेलच. खालच्या फुटभरात जे मेमध्ये होतं तेच दिवाळीतही असलं, तर ते किती जुनं आहे याचा थोडाफार अंदाज त्याच नळीतल्या, २००५ च्या पुरानंतर बंदी आलेल्या पातळ पिशव्यांच्या तुकड्यांवरून करता येईल.